माटिल्डाच्या जाड कातडीचं करायचं काय?

ऐरोलीच्या एका मुलाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "वॉर थंडर या ऑनलाइन गेममध्ये ब्रिटिश ट्री (एकेक टँक उघडत वर चढायची रांग) चढत माटिल्डा टँकपर्यंत आलो. सगळे म्हणतात हिचं चिलखत भारी. पण अर्ध्या मॅचेसमध्ये मी पॉइंटवर (नकाशावरची काबीज करायची जागा) पोचेपर्यंत खेळ संपत आलेला असतो. पोचलोच तर समोरच्याला तीन-तीन गोळे घातले तरी तो मरत नाही, तो मात्र मला एकात संपवतो. टँक खराब आहे का मी? सोडून पुढचा घेऊ?"

अकरावीत आहेस असं लिहिलंयस, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. माझं नौपाड्यात सायबर कॅफे होतं, आता त्याच गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. ग्राउंड फोर्सेस, म्हणजे यातली टँकची लढाई, आल्यापासून हा गेम खेळतोय आणि ब्रिटिश रांग दोनदा चढलोय, एकदा स्वतःच्या अकाउंटवर आणि एकदा भाच्याच्या. दोन्ही वेळा माटिल्डाने आधी रडवलं.

तुझ्या प्रश्नात खरं तर दोन वेगळी दुखणी आहेत. पोचायला उशीर होतो हे एक, आणि मारलेला गोळा काम करत नाही हे दुसरं. तू दोन्हींचं खापर टँकवर फोडतोयस. पहिल्यात टँकचा दोष आहे, पण तो कमी करता येतो. दुसऱ्यात दोष बहुतेक नेमाचा आहे.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर सोडून देतो. तू आर्केड खेळतोस की रिअलिस्टिक, हे लिहिलेलं नाहीस. आर्केडमध्ये टँक जरा चपळ असतात आणि गोळा आरपार जाईल की नाही हे निशाण्याचा रंगच सांगतो. मी रिअलिस्टिकचं धरून लिहितोय. दुसरं, बीआरचे, म्हणजे टँकच्या ताकदीचे, आकडे अपडेटगणिक हलतात, म्हणून ते देत नाही. मॅचमध्ये तुझ्यापेक्षा पूर्ण एक अंक वरचे टँक येऊ शकतात, एवढं धर. माटिल्डा मॅचच्या तळाला आहे की माथ्यावर, याने निम्मं उत्तर बदलतं.

आता ही बाई अशी का आहे, ते बघू. ते कळलं की कशी चालवायची ते आपोआप कळतं.

त्या काळी इंग्रजांनी टँकच्या दोन जाती ठेवल्या होत्या. धावणारे ते क्रूझर आणि पायदळाबरोबर चालणारे ते इन्फन्ट्री टँक. माटिल्डा दुसऱ्या जातीची. शिपाई ज्या चालीने चालतो त्या चालीने जायचं, मशीनगनची घरटी मोडायची आणि गोळ्या अंगावर घ्यायच्या, हे तिचं काम. म्हणून वजन सुमारे २७ टन आणि इंजिनं चक्क बसची. एक नाही, दोन. आधी लंडनच्या बस बनवणाऱ्या एईसीची, दोन्ही मिळून १७४ अश्वशक्ती. पुढच्या मार्कांत, म्हणजे सुधारित आवृत्त्यांत, लेलँडची, १९०. (हो, आपल्या अशोक लेलँडच्या नावातलंच लेलँड.) म्हणजे टनामागे सात घोडेसुद्धा धड नाहीत. समोरच्या जर्मन पँझर ३ला याच्या जवळपास दुप्पट मिळतात.

जाता जाता एक ठाणेकराची फुशारकी. हा टँक ज्या कारखान्यात जन्मला तो इंग्लंडमधल्या न्यूटन-ले-विलोजचा व्हल्कन फाउंड्री. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी आली, तिची इंजिनं त्याच कारखान्याची. त्यामुळे माटिल्डाला कुणी नावं ठेवली की मला उगाच लागतं.

वेगाचा हिशेब मात्र भावनेने होत नाही. रस्त्यावर तिचा वेग ताशी २४ किलोमीटर, मोकळ्या रानात १५च्या आसपास. ताशी १५ म्हणजे मिनिटाला २५० मीटर. स्पॉनपासून (जिथून टँक निघतो ती जागा) पॉइंट ७०० मीटरवर असेल तर पावणेतीन मिनिटं, तेही कुठे न वळता, न थांबता. वळलास की वेग मरतो आणि परत गोळा व्हायला वेळ लागतो. समोरचा हलका टँक तेवढ्या वेळात पॉइंट घेऊन, कोपरा धरून, तुझी वाट बघत बसलेला असतो. म्हणून "पॉइंटवर जायचं" हे उद्दिष्टच माटिल्डात चुकीचं आहे. तीन मिनिटांनी भांडण कुठे सरकलेलं असेल, तिथे जायचं.

घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला कंटेनर अडकला की काय होतं ते बघितलंयस ना? तो हळू असतो, पण पुढे कोण जाणार ते तोच ठरवतो. मागे फॉर्च्युनर असो नाहीतर रुग्णवाहिका. माटिल्डा हा गायमुखचा कंटेनर आहे. हायवेवर तिची शर्यत लावू नकोस, चढावर अरुंद जागी नेऊन उभी कर.

म्हणून नकाशा उघडला की मी आधी बघतो की आपले लोक कुठून परत येतील. पहिला हल्ला बहुतेक फसतोच. आपले दोन-तीन मरतात, बाकीचे मागे सरकतात, आणि समोरचे उत्साहात गल्लीतून पुढे येतात. ती गल्ली तुझी. पोलंडच्या नकाशातल्या गावात हे सोन्यासारखं जमतं. अल अलामेनसारख्या उघड्या वाळवंटात, आठशे मीटरवरून गोळे येत असतील तर, खरं सांगू का, मी माटिल्डा काढतच नाही. क्रूझर काढतो. लाइनअपमध्ये, म्हणजे मॅचसाठी निवडलेल्या टँकांत, एक तरी पळणारा टँक ठेव. पहिल्या मिनिटाला तो वापर आणि तो मेला की दुसऱ्या फेरीला माटिल्डा काढ. तोवर भांडण स्पॉनच्या जवळ आलेलं असतं आणि उशिराची अडचण अर्धी सुटते. तुझ्या पहिल्या तक्रारीवर याहून मोठं औषध माझ्याकडे नाही.

आता चिलखत. इथे जरा जास्त बोलतो, कारण लोक "आर्मर भारी" एवढंच म्हणून मोकळे होतात.

पुढून सर्वांत जाड जागा ७८ मिलिमीटर. बाजू ६५ ते ७०. मागे ५५. टरेट चारही बाजूंनी ७५. १९४० साली हे अचाट होतं. २१ मे १९४०ला फ्रान्समध्ये आरासजवळ जर्मन सेनापती रोमेलच्या डिव्हिजनवर इंग्रजांनी ७४ टँक घातले. त्यात आपली ही माटिल्डा फक्त १६, बाकी तिच्या आधीची छोटी माटिल्डा, नुसती मशीनगनवाली. जर्मनांच्या ३७ मिलिमीटर तोफांचे गोळे तिच्यावर आपटून उडायला लागले. त्या तोफेला जर्मन शिपाईच दार ठोठावायचं यंत्र म्हणायचे. शेवटी विमानविरोधी ८८ मिलिमीटर आणि मोठ्या १०५च्या तोफा सरळ नेमून त्यांना थांबवावं लागलं. त्याच वर्षी ९ डिसेंबरला इजिप्तच्या वाळवंटात निबेवाच्या छावणीवर चौथी भारतीय डिव्हिजन आणि माटिल्डा एकत्र घुसल्या. इटालियनांकडे तिला भेदणारं काहीच नव्हतं. पुढे एरिट्रियात केरेनला मराठा लाइट इन्फन्ट्री लढली, तिथेही माटिल्डांची एक तुकडी होती. आणि मग जून १९४१, हलफाया खिंड. रोमेलने ८८च्या तोफा आधीच गाडून ठेवल्या होत्या आणि माटिल्डा समोरून चालत गेल्या. पुढचं काय ते तुला रोज संध्याकाळी दिसतंच.

म्हणजे समोर आरास आहे की हलफाया, हे ओळखणं हाच माटिल्डाचा सगळा खेळ. ३७ आणि आखूड ५० मिलिमीटरवाले पँझर ३, इटालियन टँक, हलके रशियन हे सगळे आरास. त्यांच्यासमोर छाती काढून उभा राहा. लांब तोफेचा पँझर ४ आणि ७६ मिलिमीटरवाला मार्डर (वरून उघडी जर्मन टँकमारी गाडी) म्हणजे हलफाया. त्यांच्यासमोर कितीही तिरका झालास तरी गोळा आत येणार. तिथे चिलखत नाहीच असं समजून खेळ.

मधला एक प्रकार फसवा आहे, आखूड ७५ मिलिमीटरवाला पँझर ४. त्याच्याकडे हीट गोळा (स्फोटाच्या धारेने भोक पाडणारा) असतो. साधा गोळा लांबून आला की त्याचा जोर ओसरतो, हीटचा ओसरत नाही. पन्नास मीटरवरून जेवढं भेदतो तेवढंच पाचशेवरून. म्हणून त्याच्यापासून लांब राहून उपयोग नाही, तिरकं राहून आहे. ७५ मिलिमीटरची पट्टी ३० अंश वळवलीस की गोळ्याच्या वाटेत ८७ येतात, ४५ अंश वळवलीस की १०६. हा साधा भूमितीचा हिशेब आहे. आणि बाजू जवळपास पुढच्याइतकीच जाड असल्याने माटिल्डाला तिरकं होणं परवडतं. दुसरे बरेच टँक तिरके झाले की त्यांची पातळ बाजू उघडी पडते.

पण टरेट तिरकं होत नाही, आणि तुझ्या "एकात संपवतो"चं कारण तिथे आहे. ते ओतीव, गोलसर आहे, कसंही वळव, ७५च्या आसपासच. आणि त्या डब्यात तिघं दाटीवाटीने बसलेत: कमांडर, गनर, लोडर. खाली ड्रायव्हर एकटा. टरेटमध्ये एक गोळा शिरला की तिघं एकदम जातात आणि एकट्या ड्रायव्हरवर टँक जिवंत राहत नाही.

इथे मी सगळ्यांच्या उलट सल्ला देतो. व्हिडिओवाले सांगतात, टेकडीमागे अंग लपव, फक्त टरेट वर काढ. माटिल्डाची तोफ खाली छान वाकते हे खरं. खऱ्या टँकमध्ये गनर ती खांद्याने वर-खाली करायचा. त्यामुळे टेकडीचा मोह होतो. पण टेकडीमागून तू नेमकी तीच जागा दाखवतोस जिथे तिघं बसलेत आणि जी तिरकी करता येत नाही. शिवाय रिव्हर्स म्हणजे शुद्ध कासव. एकदा वर आलास की गोळा मारून पटकन खाली जाणं जमत नाही. टेकडी फक्त आरासवाल्यांसमोर. बाकी वेळा घराचा कोपरा बघ. टँक कोपऱ्याला जवळजवळ समांतर ठेव, पुढचा भाग भिंतीआड, आणि तिरकी बाजू थोडीशी बाहेर. समोरच्याला मोठी हिरवी भिंत दिसते, तो त्या भिंतीवर मारतो आणि गोळा उडतो. त्याचं रिलोड सुरू झालं की तू एक हात पुढे ये आणि मार.

इथून तुझं दुसरं दुखणं सुरू होतं. तीन गोळे मारूनही तो का मरत नाही?

माटिल्डाची टू-पाउंडर तोफ ४० मिलिमीटरची. तिचा गोळा म्हणजे सळईचा भरीव तुकडा. आत दारू नाही. जर्मन आणि रशियन गोळे आत शिरून फुटतात, कुठेही लागले तरी आतल्यांची चटणी. तुझा गोळा आत शिरतो, वाटेत जे येईल ते मोडतो आणि संपतो. वाटेत माणूस नसेल तर समोरच्याला नुसती वाऱ्याची झुळूक. गेमने पक्षपात केलेला नाही, इंग्रजांनी ही तोफ खरंच अशी दिली होती. आणि टरेटची कडी लहान असल्याने पुढची सहा पाउंडी तोफ तिच्यात मावली नाही, म्हणून शेवटपर्यंत हेच हत्यार राहिलं.

तेव्हा टँकला मारू नकोस, माणसाला मार. पँझर ३, पँझर ४ आणि सुरुवातीचा रशियन टी-३४, या तिघांतही गनर तोफेच्या डावीकडे बसतो. त्यांच्या डावीकडे, म्हणजे तू समोरून बघतोस तेव्हा तोफेच्या उजव्या हाताला. पहिला गोळा तिथे. गनर गेला की दुसरा त्याच्या जागी सरकेपर्यंत काही सेकंद ती तोफ मुकी. माटिल्डाचं रिलोड साधारण तीन सेकंदांचं आहे, लोडर शिकलेला असेल तर त्याहून कमी. आखूड ७५ला जवळपास दुप्पट लागतात. म्हणजे पहिला गोळा नीट बसला तर पुढचे दोन फुकट. दुसरा तोफेच्या मुळाशी नाहीतर ड्रायव्हरवर, तिसरा उरलेल्यावर.

गेल्या शनिवारी भाच्याबरोबर हेच घडलं, म्हणून तपशिलात सांगतो. पोलंडचं गाव. मी चर्चच्या मागच्या गल्लीत, बाजू थोडी बाहेर काढून. पँझर ४ आला, आखूड तोफेचा. त्याने घाईत मारला, माझ्या बाजूच्या स्कर्टवर (पट्ट्यांवरचं झाकण) लागून वर उडाला. मी हातभर पुढे. भाचा हेडफोनमध्ये ओरडतोय, "मामा, मधोमध मार, मधोमध!" मधोमध मारला असता तर तोफेच्या ढालीला लागून वाया गेला असता. उजवीकडे मारला. गनर पिवळा नाही, सरळ काळा. मग ड्रायव्हर, म्हणजे पळायचा रस्ता बंद. तिसऱ्याला संपला. एकूण दहा सेकंदसुद्धा नाहीत. त्यानंतर त्याच गल्लीत त्याचा मित्र सूड घ्यायला आला, त्यालाही तसाच. तिसऱ्या वेळी वरून विमानाने बॉम्ब टाकला आणि माझा खेळ आटोपला. विमानावर माटिल्डाकडे उपाय नाही. पळून जाण्याइतका वेगच नाही तर उपाय कसला. झाडं किंवा घराची भिंत जवळ ठेव आणि देवाचं नाव घे.

रशियन जड टँक केव्ही-१ समोरून आला तर त्याच्याशी भांडू नकोस. त्याचं चिलखत तुझ्याइतकंच जाड आणि तोफ तुझ्याहून मोठी. ट्रॅक तोड, पिंग मार (नकाशावर खूण कर), दुसऱ्याला बोलव. उघड्या गाड्यांवर मात्र तोफ वाया घालवू नकोस. ट्रकवरची तोफ असो नाहीतर मार्डर, त्यांची माणसं उघडी बसलेली असतात. टू-पाउंडरला फुटणारा गोळाच नाही, पण शेजारची बेसा मशीनगन आहे. बाजूने किंवा मागून सापडला तर दाबून धर. मार्डर मशीनगनने मारला की समोरचा चॅटमध्ये जे लिहितो ते वाचण्यासारखं असतं.

किरकोळ गोष्टी पटापट. पार्ट्स आणि अग्निशामक आधी उघड, तोफेचे मॉड (सुधारणा) नंतर. इतक्या हळू टँकला दुरुस्तीसाठी मागे जाणं जमत नाही, जिथे मोडलास तिथेच उभं राहायचंय. क्रूचे पॉइंट आधी लोडरला, मग दुरुस्तीला. गोळे नव्वदच्या वर मावतात, सगळे भरू नकोस. चाळीस पुरतात, आणि आतला दारूगोळा जितका कमी तितकं पेटायला कमी. घरी लाइट जाते म्हणून मॅच अर्धवट सुटते असंही तू लिहिलंयस. त्यावर इन्व्हर्टर सोडून माझ्याकडे काही नाही, आमच्याकडे तर पावसाळ्यात फेजच जाते.

सोडू का, या प्रश्नाचं उत्तर: अपटियरच अपटियर मिळत असतील (समोर वरच्या बीआरचे टँक येत असतील), म्हणजे दर मॅचला हलफाया, तर त्या रात्रीपुरती सोड. क्रूझर खेळ, दुसऱ्या दिवशी परत घे. कायमची सोडू नकोस. कारण ब्रिटिश ट्रीमध्ये पुढे वर्षभर तुला बहुतेक भरीव गोळेच मिळणार आहेत. माणूस बघून मारायची सवय इथे लागली नाही तर पुढच्या चर्चिल टँकमध्ये जाऊनही हीच तक्रार लिहशील, फक्त टँकचं नाव बदलून. मी स्वतः पहिल्या वेळी माटिल्डा प्रीमियमच्या (पैसे देऊन मिळणारी जलद प्रगती) जोरावर घाईने ओलांडली आणि पुढे दोन महिने भोगलं.

पुढच्या वेळी विचारशील तेव्हा रिप्ले, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, टाक. मेलास त्या क्षणाचा नको, ते सगळेच टाकतात. पहिल्या तीन मिनिटांचा टाक, आणि स्पॉनवर नकाशा किती सेकंद उघडा ठेवला होतास तेही लिही.